हिरवळीवर चालू नये

मी पाटी बोलतेय. नाहूरच्या एका सोसायटीत उभी असलेली, हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं मिरवणारी पाटी. माझ्यावर लिहिलंय, 'हिरवळीवर चालू नये'. जन्मभर मी हे एकच वाक्य बोलत आले आणि तेही कुणी धड वाचलं नाही. आज जरा जास्त बोलणार आहे. ऐकायचं तर ऐका, नाहीतर फरशीवरून सरळ पुढे चालू लागा. तुम्हा माणसांना तीच सवय.

मी जन्मले मुलुंडला, धाकू पेंटरच्या टपरीत. धाकू कणकवलीकडचा. एके काळी अर्ध्या मुलुंडच्या दुकानांवर त्याची अक्षरं होती. मग फ्लेक्स आले आणि त्याच्या वाट्याला 'येथे थुंकू नये', 'येथे गाडी लावू नये' एवढीच कामं उरली. माझी सगळी भावंडं अशी, कशाला ना कशाला मनाई करणारी.

मला रंगवताना धाकू हसला होता. "चलूचा नाय, तर गवत लावतत कित्याक?" असं तो ब्रशलाच विचारत होता. त्या हसण्याच्या नादात त्याने 'हिरवळीवर चालू' एवढं ऐसपैस लिहून टाकलं आणि 'नये'ला जागाच उरली नाही. शेवटी ते बिचारं खाली कोपऱ्यात मुंगीएवढं बसवलं. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला मी चक्क परवानगी देत असल्यासारखी दिसते. पार्सल घेऊन येणारी नवी पोरं बिनधास्त गवतात शिरायची आणि वॉचमन सीताराम शिट्टी फुंकत धावायचा. दोष कुणाचा? धाकूचा. शिव्या कुणाला? मला.

मला इथे आणलं चंद्रप्रकाश मोहित्यांनी. ते सोसायटीचे सेक्रेटरी. कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

इथे आधी कारखाना होता. तो गेला आणि तीन टॉवर आले. टॉवर विकायला बिल्डरने मध्ये ही हिरवळ केली. जाहिरातीच्या चित्रात तिच्यावर एक कुटुंब पतंग उडवत होतं म्हणे. लोकांनी ते चित्र बघून घरं घेतली आणि ताबा मिळाल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये ठराव केला की गवतावर कुणी पाय ठेवायचा नाही. मुंबईत पाय पसरायला जागा नाही म्हणून रडायचं आणि जी आहे तिच्यात मला ठोकायचं! सकाळी बायामाणसं कडेच्या फरशीवर योगासनं करायची. मोबाइल मात्र असा धरायचा की व्हिडिओत फरशी दिसू नये, गवतच दिसावं.

ही हिरवळ सांभाळायचं काम सुयोग परब आणि वेन परेरा या दोघांकडे होतं. सुयोगचे वडील गिरणीत होते. वेन कांजूरच्या जुन्या ख्रिश्चन वस्तीतला. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर नापास झालेले. एका गार्डन कॉन्ट्रॅक्टरकडे राबून झाल्यावर त्यांनी स्वतःचा धंदा काढला. गवत कापायचं, खत घालायचं, टक्कल पडलं तिथे नवं लावायचं. एक मशीन होतं, तेही आमच्याच पंपरूममध्ये ठेवलेलं. काम चोख करायचे, ते मला नाकारता येणार नाही. बाकी अक्कल बेताची.

सुयोगची बायको दीप्ती आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्या शेजारच्या बाकावर यायची. म्हणून मला सगळं ठाऊक. बाकावर बसणाऱ्यांना वाटतं, पाटीला फक्त तोंड असतं, कान नसतात.

एक दिवस सुयोग बाकावर पडेल चेहऱ्याने येऊन बसला. एका शाळेच्या मैदानाचं काम त्याच्या हातचं गेलं होतं.

"काम आवडलं नाही का त्यांना?" दीप्तीने विचारलं.

"आवडलं. पण बाई म्हणाल्या, तुमची वेबसाइट सांगा, कमिटीला दाखवते. मी म्हटलं, वेबसाइट नाही. मग दुसऱ्या कंपनीला दिलं. त्यांची आहे."

वेन म्हणाला, "बॉस, आता ही सोसायटी पण गेली ना, तर मी सरळ बोटीवर नोकरी धरतो. माझा कझिन बोलवतोय कधीचा."

वेन गेला तर धंदा गेला, हे सुयोगलाही कळत होतं. दीप्तीने डबा बंद केला. "मी करते वेबसाइट. व्हिडिओ बघून सगळं येतं."

आणि मग माझ्या डोळ्यांसमोर जो तमाशा सुरू झाला, त्याला तुम्ही वेबसाइट बनवणं म्हणता.

आधी नावावरून भांडण. सुयोगला नावात 'किंग' हवं होतं, वेनला 'परेरा'. जे जे सुचे ते आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं. जगातल्या सगळ्या गवताचे राजे आधीच ठरले होते. शेवटी 'हिरवागार लॉन केअर' उरलं, कारण ते इंग्रजीत लिहायचा कंटाळा इतरांनी केला असावा.

मग मजकूर. सुयोगने लिहिलं, 'आमची अनुभवी टीम'. टीम म्हणजे हे दोघं आणि पंपरूममधलं मशीन. मग लिहिलं, 'चोवीस तास सेवा'.

"रात्री दोन वाजता कोण गवत कापतं रे?" वेनने विचारलं.

"सगळे लिहितात."

"सगळे चोर दिसतात मग."

काही मजकूर इंग्रजीत तयार मिळाला होता, त्याचं मराठी मोबाइलनेच करून दिलं. त्यात तण काढण्याबद्दल एक ओळ होती. इंग्रजीत तणाला वीड म्हणतात आणि गांजालाही. मोबाइलने सरळ लिहिलं, 'आम्ही तुमच्या घरी येऊन गांजा साफ करतो.' दीप्ती हसता हसता बाकावरून घसरली. सुयोगला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसेना. पोलीस आले तर काय, हीच त्याला काळजी.

मग समाधानी ग्राहकांचं मत. असे ग्राहक नव्हते असं नाही, पण लिहून द्यायला कुणाला वेळ नव्हता. म्हणून सुयोगने स्वतःच लिहिलं, 'अतिशय उत्तम सेवा – मिसेस विनी, बांद्रा'. विनी म्हणजे वेनची आई. तिला फोन करून सांगितलं तर तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. "अरे, मी बांद्र्याला कधी राहिले?"

"बांद्र्याच्या जत्रेला जातेस की दरवर्षी," वेन म्हणाला.

दीप्तीने ते पुसून टाकलं. तिला खोटं खपत नसे. या बाईबद्दल मला फारसं वाईट बोलता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

खरं भांडण झालं फोटोवरून. वेबसाइटचा तयार साचा घेतला होता, त्यात वर एक मोठा फोटो होता. परदेशातलं टुमदार घर, मैलभर हिरवळ, सोनेरी केसांचा मुलगा आणि सोनेरीच कुत्रा.

"हाच राहू दे ना. झकास दिसतोय," सुयोग म्हणाला.

"हे घर तुझं?"

"नाही."

"हा पोरगा तुझा?"

"दीप्ती, यार..."

"निदान कुत्रा तरी? मग तुझ्या वेबसाइटवर हे कोण आहेत? तू इथलं गवत राखतोस ना, मग इथला फोटो लाव. आणि नुसतं रिकामं गवत नको. वर माणसं हवीत, बसलेली, लोळलेली. रिकामं गवत बघून कोण फोन करणार?"

परवानगी मागायला दोघं मोहित्यांकडे गेले. मोहिते माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, "फोटो काढा, पण फरशीवरून. गवतावर कुणी जाणार नाही. आणि खाली 'मार्गदर्शक: चंद्रप्रकाश मोहिते' असं टाका." गवताला मार्गदर्शन! मी इतकी वर्षं इथे उभी आहे, त्यांनी गवताला एक शब्द सांगितलेला मला आठवत नाही.

पुढच्या शनिवारी मोहिते भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले. रविवारी सकाळी वेनने मला दोन्ही हातांनी धरलं आणि उपटलं. दाताच्या दवाखान्याशेजारी इतकी वर्षं काढली, पण उपटणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पंपरूमच्या भिंतीला त्याने मला टेकवून ठेवलं. तिथून सगळं दिसत होतं.

दीप्तीने सगळ्यांना फोटोला बोलावलं होतं, पण सुरुवातीला कुणी गवतावर येईना. फुकट गवत समोर पसरलेलं आणि माणसं कडेला उभी, एकमेकांकडे बघत! सीतारामने शिट्टी खिशात टाकली होती, तरी त्यांचे पाय उचलेनात. विनी चांगला फुलाफुलांचा ड्रेस घालून आली होती, तीही फरशीवरच.

तेवढ्यात बी विंगमधल्या वसुधाआजी काठी टेकत आल्या. मुलगा-सून कामाला, आजी दिवसभर घरात. त्या दीप्तीजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मी बसू का गं? फोटोत नको घेऊस. नुसती बसते."

दीप्तीने त्यांना हाताला धरून नेलं. आजींनी चपला काढल्या. काठी बाजूला टाकली. बसल्या, पाय लांब केले आणि दोन्ही तळवे गवतावर ठेवले.

"थंड आहे गं," एवढंच म्हणाल्या.

मग काय! मागोमाग सगळी सोसायटी उतरली. कुणी पालथं पडलं, कुणी घरून चहाचा थर्मास आणला. एरवी लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसली. विनीने डब्यातून केक आणला होता, तो तिने अनोळखी लोकांना आग्रह करून वाढला. इतकं साधं सुख आणि त्यासाठी एक पत्र्याची पाटी बाजूला व्हावी लागते! दीप्तीने फोटो काढले. सगळ्यांत चांगला आला तो आजींचाच, मागे वळून कशाला तरी हसताना. आजी फोटो बघून म्हणाल्या, "राहू दे मग. टाक."

संध्याकाळी वेबसाइट सुरू झाली. वेनने कौतुकाने ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. याला मी अक्कल बेताची म्हणते. त्या ग्रुपवर मोहितेही होते.

मोहिते कोल्हापूरहून आले ते थेट हिरवळीपाशी. बॅगसुद्धा वर ठेवली नाही. सीतारामला मला परत रोवायला लावलं आणि सुयोगला बोलावणं धाडलं. गलका ऐकून दीप्तीही दवाखान्यातून बाहेर आली.

"हा फोटो आत्ताच्या आत्ता काढायचा. नाहीतर कॉन्ट्रॅक्ट रद्द."

सुयोगने हात जोडले. मला त्याची किळस आली. "चुकलं साहेब. दीप्ती, काढ तो फोटो. कुत्र्याचाच लाव."

"नाही काढणार," दीप्ती म्हणाली. "काय चुकलं? गवत मेलं का एकाही ठिकाणी? बघा ना वाकून."

"दीप्ती, गप. वेन जाईल, धंदा जाईल."

"तू घाबरतोस म्हणून आजींना पुसून टाकू?"

आजी तिथेच बाकावर होत्या. त्या उठल्या, माझ्या अगदी बाजूने गवतात शिरल्या आणि बसल्या. मी माझं वाक्य बोलत होते. त्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"आजी, उठा," मोहिते म्हणाले.

"उठता येत नाही रे मला आपलं आपण. गुडघे गेलेत. तू उठव ये."

मोहिते कडेला उभे. पुढे जायचं तर गवतावर पाय ठेवावा लागणार. चार माणसं जमली होती. सीताराम आभाळाकडे बघत होता. शेवटी मोहित्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि आत गेले. आजींना उठवून आणायला किती वेळ लागावा? पण ते आजींजवळ पोचले आणि नुसतेच उभे राहिले. पायाची बोटं गवतात रुतवून. चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, पाठ माझ्याकडे होती. मग त्यांनी आजींना उठवलं, बाहेर आले, मोजे घातले आणि म्हणाले, "फोटो आज रात्रीपर्यंत निघाला पाहिजे."

बघा, माणूस म्हणतात तो असा.

दीप्तीने काढला नाही. सुयोगने तिचा पासवर्ड वापरून स्वतः काढला आणि सोनेरी कुत्रा परत लावला. दीप्ती त्यानंतर दुपारी बाकाच्या एका टोकाला बसायची, सुयोग आला तर दुसऱ्या टोकाला. मधे डबा.

महिना गेला. वेबसाइटवरून एक फोन आला. सुयोग धडपडत उठला, फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "तो फोटोतला कुत्रा विकायचा आहे का? पिल्लं असली तरी चालतील."

वेन इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने डोळे पुसले, पण पाणी थांबेना. "मी कझिनला फोन करतो," म्हणाला आणि निघून गेला.

एवढं लोटांगण घालूनही कॉन्ट्रॅक्ट गेलंच. मोहित्यांनी शिस्तीचा प्रश्न म्हणून प्रकरण कमिटीपुढे ठेवलं आणि ज्यांनी त्या रविवारी गवतावर थर्मास आणले होते, त्यांनीच हात वर केले. नवी कंपनी आली, मोठ्या वेबसाइटवाली. तिच्या माणसाने सूट घालून सांगितलं की गवत जुनं झालं, आता प्लास्टिकचं बसवतात. पाणी नको, कापणं नको, कायम हिरवं. सगळ्यांना पटलं. जिवंत हिरवळ गोण्यांत भरून गेली. खाली सिमेंट आणि वर हिरवा गालिचा अंथरला.

सुयोग आपलं मशीन न्यायला आला तेव्हा दीप्ती बाकावर होती. तो तिच्या शेजारी बसला, मधला डबा उचलून मांडीवर घेऊन.

"आजींचा फोटो परत लाव," तो म्हणाला.

"आता का?"

"आता घाबरायला काही उरलं नाही ना." मग म्हणाला, "मला लाज वाटत होती गं. आपलं काम त्या कुत्र्याच्या फोटोसमोर बारीक दिसेल असं वाटायचं. खरं सांगायचं तर त्या रविवारइतकं मोठं काम मी कधी केलंच नव्हतं."

दीप्तीने तिथेच मोबाइलवर फोटो बदलला. सुयोगने 'चोवीस तास सेवा' स्वतः खोडलं.

त्यानंतर काही दिवसांनी मरोळ गावठाणातून फोन आला. पॉल नावाचा माणूस तिथे म्हाताऱ्यांसाठी एक घर चालवतो. दीप्ती आणि आजी बाकावर बसल्या होत्या.

"एक विचारू? त्या फोटोतल्या बाई खऱ्या आहेत की फोटो विकतचा आहे?" पॉलने विचारलं. "आमच्याकडे अंगण आहे, पण सगळे काटे. आमच्या लोकांना असं बसता येईल का, एवढंच पाहिजे. शोभेचं काही नको."

दीप्तीने फोन आजींच्या हातात दिला.

"मी खरी आहे हो," आजी म्हणाल्या. "गवत पण खरं होतं. पाठवते पोरांना."

वेनने बोटीचं तिकीट रद्द केलं की काढलंच नव्हतं, कोण जाणे. पण मरोळला दोघंही गेले. सगळा उन्हाळा राबले. मरोळनंतर वर्सोव्याच्या एका दवाखान्याचं काम मिळालं, मग आणखी कुणाचं. श्रीमंत झाले असं समजू नका. वेबसाइटने कुणी श्रीमंत होत नाही, ती बनवणारे सोडून. पण सुयोग आता दुपारी येतो तेव्हा शीळ घालतो. भसाडी आहे.

आणि मी? मी अजून इथेच. तुम्हाला वाटलं असेल, प्लास्टिकवर तरी माणसांना चालू देतील. छे! चालल्याने गालिचा झिजतो आणि मग कंपनी बदलून देत नाही. म्हणून सिमेंटमध्ये भोक पाडून मला पुन्हा उभी केली आहे. तसंही दहा वाजले की तो गालिचा इतका तापतो की मांजरही कडेने जातं.

दर रविवारी दीप्ती आजींना रिक्षाने मरोळला नेते. तिथल्या अंगणात आजी पॉलच्या लोकांबरोबर बसतात, गप्पा हाणतात आणि उन्हं उतरल्यावर परत येतात. गेल्या रविवारी रिक्षा गेटशी उभी होती, आजी बसत होत्या. तेवढ्यात मोहिते खाली आले. इस्त्रीचा शर्ट. इकडे तिकडे बघत म्हणाले, "मलाही मरोळला जरा काम आहे. वाटेत सोडाल?"

दीप्ती काही बोलायच्या आत आजी सरकल्या. "बस. मावतात तिघं."

रिक्षा गेली. कसलं काम, ते मला विचारू नका. सीतारामने शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे.

आता माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाचे हात रिकामे असतील तर या आणि मला उपटा. गवत राखायला मी जन्मले, ते मी राखलं. प्लास्टिकची राखण माझ्याने होणार नाही. भंगारात घाला, गटारावर झाकण म्हणून ठेवा, काय हवं ते करा. फक्त उपटण्याआधी माझा फोटो काढून वेबसाइटवर टाकत बसू नका.